इंदूआक्काचं भ्या

इंदूआक्काइतकी भित्री बाई मी आजवर बघितली नाही. आणि मी बायका काही कमी बघितलेल्या नाहीत. निपाणीच्या शिलाई कारखान्यात एका पत्र्याखाली आम्ही शंभरावर जणी बसायचो. प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. पण भ्यायच्या बाबतीत आक्काचा हात धरणारी एक नव्हती.

आक्का पालीला भ्यायची, विजेला भ्यायची, माल वर चढवायच्या लिफ्टला भ्यायची. फोन वाजला की आधी छातीवर हात, मग डोळे मिटून घ्यायचे आणि मग उचलून पहिला प्रश्न, "काय झालं?" समोर बिचारा लेक असायचा, बाजारातनं येताना मेथी आणू का विचारणारा. त्यालाही ती दोनदा विचारायची, "खरंच काय झालं न्हाय न्हवं?" आम्ही मुद्दाम डब्याची रिकामी पिशवी फुगवून तिच्या पाठीमागं फोडायचो. आक्का वीतभर उडायची आणि मग जिच्या हातात पिशवी सापडेल तिचा उद्धार करायची. "मुडदा बशिवला तुझा! माझा जीव गेल्यावर कळंल तुमास्नी. मी मेलो तर लाईन कोण बघंल?" (आमच्या भागात बायकाही जातो, येतो, मेलो असंच म्हणतात.)

अशा बाईला मालकानं लाईनची सुपरवायझर कसं केलं, हे नव्या पोरींना कोडं पडायचं. मला नाही पडलं. मी लाईनच्या शेवटी तपासणीच्या टेबलावर उभी असायची. कॉलर, बाही, बटण असं होत होत शर्ट माझ्यापुढं येऊन पडायचा. सगळी लाईन मला समोर दिसायची. आक्काच्या लाईनीत कुणाच्या बोटात सुई गेलेली मी पाहिली नाही. बाकीच्या लाईनींत महिन्याला एखादी पोरगी रक्ताळलेलं बोट धरून बोंबलत पळायची. आक्का नवी पोरगी मशीनवर बसवली की तिला पहिल्यांदा हात लावू द्यायची नाही. मशीन चालू करून नुसतं बघायला लावायची.

"भ्या वाटतंय का?"

पोरगी लाजून म्हणायची, "न्हाय आक्का."

"मग ऊठ. भ्या वाटल्यावर ये."

तिचं म्हणणं एवढंच, की आधी नीट भिऊन घ्यायचं आणि मग कामाला लागायचं. न भिता मशीनवर बसणारी बाई तिला वेडसर वाटायची. मी तिला एकदा चिडून म्हटलं, "आक्का, तुझं सगळं आयुष्य भिण्यातच जाणार बघ." तर मला म्हणते, "जाऊ दे की गं. बोटं तर दहाच्या दहा ऱ्हातील."

मावी आणि तिच्यासंगच्या तिघी आल्या त्या वर्षी शाळांच्या युनिफॉर्मची मोठी ऑर्डर होती. बंगळूरच्या एका कंत्राटदारानं त्यांना गाडीतनं आणून सोडलं. चौघी बर्माच्या. त्यांच्या डोंगरात लष्करानं गाव पेटवलं, तशा त्या हद्द ओलांडून इकडं आल्या, दिल्लीला राहिल्या, तिथं निर्वासित म्हणून कार्ड मिळालं आणि शिवणकाम येत होतं म्हणून इथवर. मालकानं आक्काला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की ह्यांची हजेरी मांडायची नाही, ह्यांचा पीएफ नाही, ईएसआय नाही, पगार अर्धा, आणि कुणी विचारलं तर अशा बायका इथं नाहीतच. आक्का बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पिठासारखा झालेला.

"सुमे," ती माझ्या टेबलाशी येऊन कुजबुजली, "ह्या इथं न्हाईतच म्हणं. मग मी काम कुणाला सांगायचं?"

पहिले आठ-पंधरा दिवस ती त्यांच्याकडं बघायचीच नाही. बघितलं तर ओळख होईल, आणि ओळख झाली तर कुणी विचारल्यावर खोटं बोलता येणार नाही, असं तिचं भ्या. मग एका दुपारी वॉचमननं मागचं शटर हातातनं सुटून धाडकन पाडलं. असा आवाज झाला की माझ्या हातातली कात्रीसुद्धा खाली पडली. बघते तर आक्का जागेवर नाही. टेबलाखाली! आम्ही हसून हसून बेजार झालो. वाकून बघितलं तर त्याच टेबलाखाली समोरच्या बाजूनं मावीही शिरलेली. दोघी गुडघ्यात डोकं घालून, एकमेकींकडं डोळे फाडून बघत बसलेल्या.

आमचं हसू तिथंच आटलं, कारण मावी काही केल्या बाहेर येईना. आक्का आली, पदर झटकला आणि परत खाली बसली. हिंदी आक्काची कामापुरतीच, मावीची तर त्याहून अवघड. तरी काहीतरी बोलणं झालं. बऱ्याच वेळानं आक्का हात धरून तिला घेऊन बाहेर आली आणि वॉचमनवर अशी खेकसली, की तो म्हातारा आठवडाभर शटर मांजराच्या पावलानं ओढत होता. त्या दिवसापासनं आक्काच्या डब्यात दोन भाकऱ्या जास्त यायला लागल्या.

आता आमचा माल बंगळूरच्या मोठ्या कंपनीमार्फत बाहेर जायचा. त्यामुळं त्यांची माणसं तपासणीला यायची. पगार कायद्याप्रमाणं आहे का, संडास स्वच्छ आहेत का, आग लागली तर बाहेर पडायचे दरवाजे मोकळे आहेत का. त्या दिवशी कारखाना असा चकाचक, की लग्नघर फिकं पडावं. आणि त्या दिवशी मावी आणि तिघी गोडाऊनच्या मागच्या खोलीत. राहायच्याही त्या तिथंच. म्हणजे घर तेच आणि लपायची जागाही तीच. बाहेरून कुलूप, आणि किल्ली मालकानं आक्काच्या हातात दिलेली. कंबरेला खोचलेल्या त्या किल्लीवर आक्काचा हात सारखा जायचा.

तपासणीला आलेल्या मॅडम बंगळूरच्या, चष्मेवाल्या, बोलायला मऊ पण बघायला कडक. दुपारी त्यांनी कुणाला न सांगता आगीची घंटा वाजवली. बायका किती वेळात बाहेर पडतात ते बघायचं होतं. आम्हाला काय ठाऊक? आम्ही पडत-झडत अंगणात पळालो. आणि आक्का उलटी आत पळाली.

मी तिला हाका मारत मागं गेले. गोडाऊनच्या तोंडाशी पोचले तर आतनं दार बडवल्याचा आवाज. चार बायका आतनं ओरडतायत, त्यांच्या भाषेत, एक शब्द कळत नाही, पण कशाला ओरडतायत ते कळायला भाषा लागत नव्हती. आक्काच्या हातात किल्ली, आणि ती किल्ली काही केल्या कुलपात जाईना. हात इतका हालत होता. एकदा खाली पडली. उचलली. परत पडली. "आई गं, आई गं, आई गं," एवढंच तिचं चाललेलं. शेवटी मी तिचं मनगट दोन्ही हातांनी दाबून धरलं तेव्हा कुठं कुलूप निघालं. दार उघडलं तर मावीच्या मुठीची साल निघालेली.

तेवढ्यात वॉचमन सांगत आला, की आग नाही, नुसती परीक्षा होती. मालकानं धावत येऊन चौघींना परत आत घातलं. मॅडमच्या कानावर गेलं ते एवढंच, की एक सुपरवायझर घाबरून उलट्या दिशेनं पळाली. तिला नीट शिकवा, असं सांगून त्या गेल्या. आक्का मोरीवर बसून ओकत होती. मी पाठीवरनं हात फिरवत होते. मॅडम गेल्यावर कुलूप निघालं, तशी मावी येऊन समोर उकिडवी बसली, मुठीला चिंधी बांधलेली. "आक्का," ती म्हणाली, "अगली बार हम अंदर नहीं मरेगा. मरेगा तो बाहर मरेगा. कोई पूछेगा, तुम बोलो. पुलिस ले जाएगा तो भी बोलो."

संध्याकाळी केबिनमध्ये जाऊन आक्कानं किल्ली मालकाच्या टेबलावर ठेवली. "मालक, हे कुलूप मी लावणार न्हाय. मला ह्या किल्लीचं भ्या वाटालंय." मालक हसला. म्हणाला, तुला कशाचं भ्या वाटत नाही ते सांग! आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

मालक माणूस देवभोळा. खंडेनवमीला कारखान्यात त्याची पूजा बघण्यासारखी. मशीन पुसून घ्यायची, हळदकुंकू, झेंडूची माळ, लिंबू, आणि हे सगळं स्वतःच्या हातानं, सोवळं नेसून. ज्या अवजारावर आपलं पोट, त्याला विसरलं तर वर्ष वाईट जातं म्हणायचा. त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत तपासणी येणार होती. म्हणून मालकानं आधीच मावीच्या चार मशीन कोपऱ्यात ढकलून, वर प्लॅस्टिक टाकून, 'नादुरुस्त' अशा पाट्या लावून ठेवल्या. बेत पक्का. पण पूजा करत करत तो त्या कोपऱ्यात गेला आणि त्याच्यानं राहवेना. कमवती मशीन बिनपूजेची कशी ठेवायची? प्लॅस्टिक वर करून त्यानं चारीला हळदकुंकू लावलं, माळा घातल्या. आम्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्हीही तेच केलं असतं. आक्का असती तर कदाचित ध्यानात आलं असतं. पण ती बौद्ध, पूजेला कधी थांबायची नाही, दसऱ्याला पांढरी साडी नेसून विहारात जायची, म्हणून दोन्ही दिवस सुट्टीवर.

दसरा झाला आणि मॅडम आल्या. सगळ्या लाईनी फिरल्या, कोपऱ्यात आल्या. थांबल्या. तिथं खरोखरच्या मोडक्या दोन मशीनही पडलेल्या होत्या, गंज चढलेल्या, कोळिष्टकं धरलेल्या. त्यांना फूल नाही की कुंकू नाही. आणि शेजारच्या चार नादुरुस्त मशीनांवर झेंडूच्या ताज्या माळा.

"ह्या बंद आहेत ना?" मॅडमनी विचारलं.

"हो हो. मशीन म्हणजे लक्ष्मी, मॅडम. बंद असली तरी..." मालकाला घाम फुटला.

मॅडमनी एक प्लॅस्टिक वर केलं. सुईत पांढरा दोरा ओवलेला. मग त्यांनी मालकाकडं न बघता आक्काकडं बघितलं आणि कन्नडमध्ये एकच विचारलं, "हागादरे यारु?" म्हणजे, मग कोण बसतं ह्यांच्यावर?

कारखान्यात एक मशीन चालत नव्हती. मालक आक्काकडं असा बघत होता, की माझ्यासारख्या तोंडाळ बाईचीसुद्धा वाचा गेली असती. आक्का सांगेल तर चौघींना पोलीस नेतील, हिची नोकरी जाईल, ऑर्डर गेली तर आम्हा सगळ्यांचीही जाईल. आणि नाही सांगितलं तर ते कुलूप आहेच, पुढची घंटा खरी होईस्तोवर.

आक्काचे ओठ पांढरे पडले. टेबलाची कड धरून ती म्हणाली, "मॅडम, मला लई भ्या वाटालंय."

"सावकाश सांगा."

"चार बायका हैत. आत हैत. कुलपात." मग एकदम रडायला लागली. "त्यास्नी पोलिसात देऊ नगासा. त्यांनी काय केलं न्हाय. नुसते शर्ट शिवलेत."

मालकानं त्याच दिवशी आक्काला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पण पुढचं त्याच्या हातात राहिलं नव्हतं. कंपनीनं कळवलं, की ह्या बायकांना हाकलायचं नाही. आधी कायदेशीर करायचं, बाकीच्यांएवढा पगार द्यायचा, नाहीतर ऑर्डर बंद. मॅडमनी मावीला समजावून सांगितलं, की निर्वासित कार्डावर लांब मुदतीचा व्हिसा मागता येतो आणि तो मिळाला की खासगी कारखान्यात उजळ माथ्यानं नोकरी करता येते. कंत्राटदारानं तर त्यांना सांगून ठेवलेलं, की पोलिसांची पायरी चढलात की तुरुंगात! त्या अर्ज करायलाही थरथरत होत्या. अर्ज गेला, आणि मग चौकशीला बेळगावहून पोलिसांचे साहेब आले.

साहेब अंगणात खुर्ची टाकून बसले. चौघी समोर उभ्या, मान खाली. "इथं ह्यांना ओळखणारं कोण आहे? कुणीतरी इथलं माणूस लागेल. जबाबदारी घेणारं."

मालक म्हणाला, "कंत्राटदारानं आणल्या साहेब, मला काय माहीत?" बायका जमिनीकडं बघायला लागल्या. जबाबदारी म्हटल्यावर कुणाच्या घरी नवरा, कुणाच्या सासरा. मी संडासात जाऊन आक्काला फोन लावला.

"काय झालं?" ती म्हणाली.

ह्या वेळी खरंच झालेलं होतं. मी सांगितलं. मग फोन बंद झाला. मला वाटलं, नाही येणार. आली असती तर सगळ्यांनी नवल केलं असतं आणि न येती तर कुणी बोल लावला नसता.

पण रिक्षा आली. आक्का उतरली ती एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात लेकाची. तशीच साहेबांपुढं येऊन उभी राहिली.

"तुम्ही ओळखता ह्यांना?"

"व्हय."

"गाव कुठलं ह्यांचं?"

"सांगता याचं न्हाय साहेब. जीभ वळत न्हाय."

"आडनाव? आई-बाप?"

"न्हाय म्हाईत."

साहेब वैतागले. "मग बाई, ओळखता म्हणजे काय ओळखता?"

आक्का एकेकीकडं बोट करत म्हणाली, "ही मावी. हिला शटरच्या आवाजाचं भ्या वाटतंय. ही थोरली, ही दिवा घालवला की झोपत न्हाय. ह्या तिसरीला पाठीमागनं हाक मारलेली सोसत न्हाय, म्होरं जाऊन बोलावं लागतंय. आन् ही धाकटी, ही जळक्या वासाला भेतीया, म्हणून हिला मी इस्त्रीपास्नं लांब बशिवलो. साहेब, माणूस कशाला भेतंय ते ठावं असलं की त्ये माणूस ओळखीचंच की वो. आनी काय ओळखायचं असतंय?"

साहेबांनी जबाबदारीचा कागद सहीसाठी तिच्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "ह्यातली एक जरी कुठं नाहीशी झाली तर मी तुमच्या दारात येईन. समजलं?"

"या," आक्का म्हणाली. आणि दाखवलं तिथं सही केली. मी पाण्याचा तांब्या दिला तर तो दातांवर कडकड वाजत होता.

व्हिसा यायला पुष्कळ दिवस लागले, पण आले. चौघींची नावं हजेरीवर चढली, पगार आमच्याएवढा झाला, ईएसआयची कार्डं आली, गोडाऊनमागची खोली सुटली आणि त्यांनी गावात भाड्यानं घर घेतलं. मावी आता कॉलरच्या मशीनवर नव्या पोरींना शिकवते. आक्काला मात्र मालकानं परत घेतलं नाही. आम्ही चार-दोनदा विचारून बघितलं. मी तर भांडलेसुद्धा. तिचा लेक बेळगावात वडगावला मागावर कामाला लागला, तशी ती त्याच्याकडं गेली. घरी बसून परकर शिवते.

मागच्या दिवाळीनंतर तिला भेटायला गेले. गल्लीभर मागांची खडखड, बोलायचं तर एकमेकींच्या कानाशी तोंड न्यावं लागत होतं. आक्का वाळलेली दिसली. चहा ठेवताना सारखी दाराकडं बघत होती. मी विचारलं, तर म्हणाली, "व्हिसाची मुदत वाढवायची येळ आलीय. दरवर्साला चौकशी येतीया. माझी सही हाय न्हवं."

"मग?"

"महिनाभर आदीपास्नं अन्न जात न्हाय बघ."

मला असा राग आला! मी म्हटलं, "अगं, आता त्या कायम झाल्या. मालक देईल सही, मी देतो, कुणीपण देईल. तुझं नाव काढून घे की! कशाला जीव जाळालीस?"

आक्का गॅस बारीक करत म्हणाली, "नवं माणूस आलं तर परत पहिल्यापास्नं इचारत्यात गं. तेवढ्यात मुदत संपली तर? त्यास्नी कुलपातलं बसणं परत नगं."

बाहेर मोटारसायकल थांबली. दारावर थाप पडली. आक्काच्या हातातली गाळणी खाली पडली. मी उठायला लागले, "थांब, मी उघडतो." तिनं माझ्या खांद्यावर हात दाबून मला खाली बसवलं. हात गार पडलेला. भिंतीला धरून धरून ती दारापर्यंत गेली, पदर डोक्यावरनं घेतला आणि कडी काढली.

दारात कोवळा हवालदार होता, हातात कागद. आक्काचा चेहरा बघून तोच बिचारा बावरला. "घाबरू नका वो मावशी," तो म्हणाला. "नेहमीचीच चौकशी हाय. जरा बसा आदी, पाणी प्या."

"नगं बाबा," आक्का म्हणाली. "बसलो तर परत उठणं व्हायचं न्हाय. सही कुटं करायची ते सांग."